सेवेचं दुकान? ‘एक ठाणेकर’ यांना उत्तर

‘एक ठाणेकर’ यांस,

नमस्कार. थेरपी डॉग, म्हणजे आजारी, वृद्ध माणसांना दिलासा द्यायला नेली जाणारी कुत्री, आणि त्यांना घेऊन जाणारे स्वयंसेवक कसे तयार होतात, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखालची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली, एकदा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपलं म्हणणं असं, की आजारी माणसाजवळ कुत्रं नेऊन बसवायला ट्रेनर कशाला हवा, ‘प्रेमाला क्लास लावावा लागत नाही’. आम्ही ट्रेनर मंडळींनी सेवेचं दुकान मांडलंय. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी मानसतज्ज्ञांच्या जिंगल्स या कुत्र्याने कुठला क्लास केला होता? आमची परीक्षा घेणारं इथे कुणी नाही, आम्ही फी सांगत नाही, गावठी कुत्र्यांना दारात उभं करत नाही. आणि थेरपी डॉग तपासून घेणाऱ्या अमेरिकेतल्या पेट पार्टनर्स या संस्थेबद्दल मी चुकीचं लिहिलंय.

शेवटचं आधी घेते. चूक माझीच. त्यांच्याकडे टीमची, म्हणजे कुत्रा आणि त्याला नेणारा माणूस या जोडीची, फेरतपासणी दर दोन वर्षांनी होते, मी ‘दरवर्षी’ लिहून गेले. पोस्टमध्ये दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘दुकान’ या शब्दाबद्दल. मतभेद मला नवे नाहीत. हा ब्लॉग नऊ वर्षं लिहितेय, लोकांनी इथे मला बरंच सुनावलंय आणि मी ऐकूनही घेतलंय. पण ज्या बाईला कधी पाहिलं नाही तिच्या कामाला एका शब्दात दुकान म्हणून मोकळं व्हायचं, तेही टोपणनावाआडून, ही कुठली रीत? माझ्या आईला हे वाचून दाखवायची मला हिंमत झाली नाही. गुडघे धरलेले असताना ती दर शनिवारी रात्री आमच्या वर्गातल्या कुत्र्यांसाठी बिनमिठाचं चिकन उकडते, त्याचे नखाएवढे तुकडे करते आणि डबा भरून ठेवते. दुकानात असं कुणी करत नाही.

आणि ते प्रेमाचं वाक्य. ते माझ्या मनात रुतून बसलं, कारण २०११ साली मीसुद्धा हेच म्हणत होते. शब्दही जवळजवळ हेच.

चिकू आमची पहिली लॅब्रेडोर. पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीतली पोरं तिच्या पोटावर डोकं टेकून अभ्यास करायची. एवढी गुणी कुत्री, म्हणून मी तिला घेऊन एका वृद्धाश्रमात गेले. कुणी मला काही विचारलं नाही, तिच्या लसींचे कागदसुद्धा नाहीत. पहिली वीस मिनिटं छान गेली. मग चिकूने दोनदा जांभई दिली, नाक चाटलं, मान फिरवली. मी सगळ्यांना सांगितलं, ‘दमलीय बिचारी.’ तेवढ्यात मागे एका आजोबांचा वॉकर फरशीवर आपटला. चिकू दचकली, मी घाबरून पट्टा खेचला आणि ती उसळून समोरच्या आजींच्या मांडीवर चढली. नुसतं नख लागलं. पण त्या वयाची कातडी! मनगटावर कांद्याच्या पापुद्र्यासारखी उचलली गेली. आजींना रक्त पातळ करायची गोळी चालू होती, रक्त थांबेना. मी माझी ओढणी त्यांच्या मनगटावर दाबून धरली होती आणि त्या मलाच समजावत होत्या, ‘तिला मारू नकोस गं.’

चिकूची चूक नव्हतीच. मला इथून ने, असं ती केव्हाची सांगत होती. झोप नसताना आलेली जांभई, सारखी बाहेर येणारी जीभ, वळवलेली मान, डोळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा भाग ही कुत्र्याची ‘नको’ म्हणायची भाषा असते. माझ्याकडे प्रेम पोतंभर होतं आणि ही भाषा अक्षरभरही येत नव्हती. सांगा, त्या दिवशी प्रेमाने काय केलं?

त्यानंतर मी नेरूळच्या एका ट्रेनर सरांकडे गेले. पहिले तीन रविवार त्यांनी चिकूला हात लावला नाही. ते माझाच हात बघत होते. माझं चालणं मोबाइलवर घेऊन त्यांनी मला दाखवलं: समोरून सायकल आली की चिकूच्या आधी माझी मूठ आवळायची आणि तो ताण पट्ट्यातून थेट तिच्या मानेला लागायचा. मग आवाजाची तयारी. आधी दुसऱ्या खोलीत चादरीवर चमचा पाडायचा आणि इकडे चिकूच्या तोंडात चिकनचा तुकडा. पुढे चमचा उंबऱ्यापाशी, मग फरशीवर वाटी, मग ताट. पाच आठवड्यांनी पाठीमागे स्टीलचं ताट आपटलं तरी ती शांतपणे वळून माझ्या हाताकडे बघायला लागली. जमिनीवर शेंगदाणे पसरून ‘लीव्ह इट’, म्हणजे ‘सोड, तोंड लावू नको’, हे शिकवलं. का, तर रुग्णाच्या हातून गोळी पडते आणि लॅब्रेडोरला ती गिळायला क्षणभर पुरतो. मधुमेहाची किंवा हृदयाची गोळी कुत्र्याच्या पोटात गेली तर काय होतं, हे एखाद्या व्हेटला विचारा.

अडखळत अंगावर येणारा माणूस, मोठमोठ्याने ओरडणारा, हे सगळं पेट पार्टनर्सच्या तपासणीत असतं. तिथे कुत्र्याइतकाच पट्टा धरणारा तपासतात, म्हणूनच तिला टीम म्हणायचं. एक वर्षाखालचं पिल्लू ते घेत नाहीत. दोन तासांच्या वर भेट चालू देत नाहीत. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्याला सरळ नाही म्हणतात, कारण त्याच्याकडून साल्मोनेलासारखे जंतू आधीच अशक्त असलेल्या माणसापर्यंत पोचू शकतात. आपल्याकडे तर पावसाळ्यात पाणी साचतं, त्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो हा आजार पसरतो, तो कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. हे प्रेमाला आपोआप कळतं का?

जिंगल्सचा दाखला तुम्ही अर्धाच दिलात. लेव्हिन्सन न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ. एक मुलगा ठरल्या वेळेच्या बराच आधी आला, जिंगल्स त्यांच्या खोलीतच होता, आणि ते मिटलेलं पोर कुत्र्याशी रमलं. १९६२ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. हे सगळं खरं. पण जिंगल्स स्वतःच्या ओळखीच्या जागेत होता. समोर एक मूल, आणि शेजारी त्याचा मालक, जो स्वतःच मानसतज्ज्ञ. जिंगल्सला लिफ्टमध्ये चढायचं नव्हतं, फिनेलच्या वासात बसायचं नव्हतं, वॉर्डभर अनोळखी हात अंगावरून फिरवून घ्यायचे नव्हते. तुम्ही कधी हॉस्पिटलच्या पॅसेजमधून कुत्रं घेऊन चाललाय का? मी चाललेय. घरी बसून वाद घालणं सोपं असतं.

बाकीच्या मुद्द्यांत फार दम नाही. गावठी कुत्र्यांचं म्हणाल, तर माझी आत्ताची राणी वर्तकनगरच्या रस्त्यावरून उचलून आणलेली आहे, विषय संपला. फी मी इथे लिहीत नाही, विचारणाऱ्याला फोनवर सांगते. आमची परीक्षा कोण घेतं, यावर सवडीने वेगळं लिहीन. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही टीमबद्दल आजवर तक्रार आलेली नाही, तूर्त एवढं पुरे.

आणि दुकान म्हणालात म्हणून सांगते. गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून एक ताई त्यांचा गोल्डन रिट्रीव्हर घेऊन आल्या. देखणा, शांत, कुणी कितीही कुरवाळलं तरी जागचा न हलणारा. बघणाऱ्याला वाटावं, हाच तो. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. हात लागला की तोंड घट्ट मिटायचं, कान मागे जायचे, आणि हात निघाला की तो सगळं अंग झटकायचा. त्याला ते आवडत नव्हतं, तो सोसत होता. सहाव्या रविवारी मी ताईंना सांगितलं, याला नेऊ नका, याला तलावावर फिरायला न्या. त्या माझ्यासमोर रडल्या. मी त्यांचे सगळे पैसे परत केले. ते पैसे मोजून देताना मला काय वाटलं, ते तुम्हाला त्या एका शब्दात बसवता येईल का?

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही उपवन तलावाजवळ असतो. या, उभे राहून बघा, मग काय लिहायचं ते लिहा. पण स्वतःच्या नावाने लिहा. टोपणनावाला मी यापुढे उत्तर देणार नाही.