मिशीचं सुतक

आमच्या सेलूत हौशी नाटक म्हणजे दुष्काळ. राज्य नाट्य स्पर्धेसाठी परभणीला जायचं तर कोरडी विहीर, सावकाराची वही आणि शेवटच्या अंकातला दोर एवढं सामान आमच्याकडे कायम तयार असतं. यंदा मात्र डायरेक्टर म्हणाले, "लोक घरी रडतेतच की. कशाला पुन्हा बोलावून रडवायचं? 'मोरूची मावशी' करू."

अत्र्यांनी हे नाटक ब्रँडन थॉमसच्या १८९२ सालच्या 'चार्लीज आंट'वरून बेतलं. गडबड तीच : खरी मावशी वेळेवर येत नाही म्हणून एका पुरुषालाच लुगडं नेसवायचं. विजय चव्हाणांनी ही मावशी अशी काही गाजवली की ते काम घ्यायला आमच्यात कुणी धजेना. ते माझ्या गळ्यात पडलं, कारण गळा बारीक. अडचण फक्त मिशीची होती. आमच्या भागात मिशी जाते ती बाप गेल्यावरच. थॉमस साहेबाला ही भानगड ठाऊक असण्याचं कारण नाही.

न्हाव्यानं वस्तरा लावला आणि हळूच विचारलं, "डोकं बी करायचं ना?" नको म्हणालो तर त्याला वाटलं, मला शोक अनावर झालाय. त्यानं पैसे घेतले नाहीत.

मोंढ्यापासून घरापर्यंत दोघांनी खांद्यावर हात ठेवला. एकानं "कव्हा झालं?" विचारलं. मी "पुढच्या महिन्यात आहे" म्हणालो, तेव्हा तो जरा मागे सरकला.

संध्याकाळपर्यंत ओट्यावर माणसं जमली. अण्णा बंगईवर बसून येईल त्याला चहा सांगत होते. मी शरमेनं अर्धा झालो, पण ते खुशीत. "मेल्यावर किती माणूस जमतंय, हे जित्तेपणी कुणाला बघायला भेटतं?" शेजारच्या काकूंनी कडू घास म्हणून पिठलं-भाकरी धाडली. अण्णांनी ती खाल्ली आणि मीठ कमी असल्याचा निरोप पाठवला.

बातमी जालन्याला पोचली. तालीम आमच्याच घरी चालू होती, मी आईचं इरकल नेसून पदर सावरत होतो आणि दारात माझी सख्खी मावशी! "दाजी गेले गं माय!" म्हणत तिनं समोरच्या बाईच्या, म्हणजे माझ्याच, गळ्यात हंबरडा फोडला. नाटकात खरी मावशी अशी ऐन घोळात येते, पण तिथं ती लुगडं ओढत नाही.

"मुडद्या, काष्टा असा घालतेत व्हय?"

दाजी जिवंत आहेत हे तिला नंतर कळलं. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. काष्टा सुधारायला म्हणून ती राहिली ती प्रयोगापर्यंत. प्रयोगात ती विंगेत उभी होती आणि तिचा आवाज प्रॉम्प्टरच्या वर. माझं सगळ्यात मोठ्या हशाचं वाक्य अत्र्यांनी लिहिलेलंच नाही. ते विंगेतून आलं : "पदर घे, भाड्या, पदर!"