धुक्यातलं शेकरू

आमच्या सोसायटीतले एक काका कोस्टा रिकाला जाऊन आले. तिथल्या माँतेव्हेर्देच्या ढगांत बुडालेल्या जंगलाचे फोटो त्यांनी सगळ्यांना बसवून दाखवले. "हा क्वेत्साल पक्षी," असं म्हणत ते पांढऱ्याफटक पडद्यावर बोट ठेवायचे. शेवटी मागून आवाज आला, "धुकंच बघायचं, तर भीमाशंकर काय वाईट? पेट्रोलात भागतं." पुण्यात असा हिशेब एकदा निघाला की सहल ठरलीच.

डिंभे धरणापर्यंत सगळं दिसत होतं. पुढे घाट चढलो आणि देखावा बंद. कोकणातला ओला वारा सह्याद्रीच्या कड्यावर आपटून वर चढतो, गार होतो, त्याचे ढग होतात आणि ते या झाडीत मुक्कामाला येतात. पाऊस थांबला तरी झाडं थांबत नाहीत. शेवाळ, नेचे आणि आमरींनी लगडलेल्या फांद्या धुक्यातलं पाणी टिपतात आणि ठिबकत राहतात. बहुतेक माझ्याच मानेत.

डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर दुर्बीण, दोन्हींवर वाफ.

"शेकरू दिसेल ना रे? ती भलीमोठी खार?" काकूंनी वाटाड्या पोराला विचारलं.

"दिसतं की. पण पावसात बसून राहतं. उन्हाळ्यात यायचं." हे त्याने पैसे ठरल्यावर सांगितलं, त्यामुळे पोरगं आयुष्यात पुढे जाणार.

तेवढ्यात मागून कुणीतरी लांबलचक शीळ घातली. "कोण रे तो वाह्यात?" काकू गरजल्या. तो शीळकरी कस्तूर पक्षी होता. ओरडा खाऊनही तो गातच राहिला. खरं सांगायचं तर अख्ख्या सहलीत पैसे वसूल केले ते त्यानेच.

मग घरटं दिसलं. उंच शेंड्यात काटक्या-पानांचा गोळा. शेकरू आपला राज्यप्राणी. १९८५ साली हे अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. ते जमिनीवर सहसा उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर वीसेक फुटांची उडी मारतं.

"एकेक शेकरू अशी बरीच घरटी बांधतं," पोरगा म्हणाला.

"आणि राहतं कुठे?"

"एका वेळी एकाच घरट्यात."

आमच्या घोळक्याला त्या प्राण्याबद्दल एकदम जिव्हाळा वाटू लागला. "बाकीची भाड्याने देत असेल," काका म्हणाले. त्या चर्चेत घरमालकच बघायचा राहिला.

मंदिराजवळ वानर मात्र भेटलं. काकूंच्या हातातलं भाजलेलं कणीस घेऊन, लिंबू नीट लावलंय का ते बघून गेलं.

रात्री काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर संपूर्ण पांढरा फोटो टाकला: 'शेकरू, भीमाशंकर.' धडाधड अंगठे आले. एका उत्साही माणसाने लाल गोल काढून तो परतही पाठवला, "हे बघा, तपकिरी पाठ, जाडजूड शेपूट!"

मी फोटो मोठा करून पाहिला. रेनकोट माझा होता. शेपूट म्हणजे काकूंची छत्री.