जांभुळखेड्याची बातमी खरेच दडवली गेली का? फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

महाराष्ट्र दिन जवळ आला की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा : मुंबईवर हल्ला झाला तेव्हा साठ तास टीव्ही सुरू होता, आणि जांभुळखेड्याला आमचे १५ पोलीस गेले तर पेपरात चार ओळी आल्या, नक्षल चकमकींचे आकडे रोज बदलतात, म्हणजे बातम्या खोट्या असतात, नक्षलवादी मेला की पत्रकार त्याच्या घरी पोहोचतात, शहिदाच्या घरी कोणी फिरकत नाही, माध्यमे विकली गेली आहेत, तेव्हा पेपर बंद करा आणि खरे काय ते इथेच वाचा. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत घरचा माणूस पोलिसांत असलेले अनेकजण असतात आणि त्यांचा संताप खरा आहे. त्या संतापाला जी कारणे चिकटवली आहेत, ती मात्र तपासली की टिकत नाहीत.

आधी घटना पाहू. ३० एप्रिल २०१९ च्या रात्री कुरखेडा तालुक्यातल्या दादापूरजवळ नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली. दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्र दिनीच, तिकडे निघालेल्या शीघ्र कृती पथकाची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवण्यात आली. त्यात १५ पोलीस आणि त्या खासगी गाडीचा चालक असे १६ जण मृत्युमुखी पडले. हा सोळावा माणूस त्या वेळच्या बातम्यांत होता. माध्यमांनी बातमी दडवल्याचे सांगणाऱ्या मजकुरात तो नाही. त्याच दुपारपासून ही बातमी देशभरच्या वाहिन्यांवर होती आणि पंतप्रधानांनी हल्ल्याचा जाहीर निषेध केला होता. ‘चार ओळी’ कुठे दिसतात, हे आपल्याकडच्या पेपरची घडण माहीत असलेल्याला सांगावे लागत नाही. एकाच दैनिकाची पुण्याची आवृत्ती वेगळी, नागपूरची वेगळी आणि गडचिरोलीची पाने त्याहून वेगळी असतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला ज्या घटनेवर अर्धे पान भरते, तिला पुण्यात आतल्या पानावर एक चौकट मिळते. पुण्याच्या वाचकाला विदर्भाचे फारसे सोयरसुतक नसते, हे संपादकांनी गृहीत धरलेले आहे आणि तक्रार करायचीच तर या गृहीतकाची करावी. पण दुसऱ्या आवृत्तीतले कात्रण दाखवून बातमी दाबली असे म्हणणे हा पुरावा होत नाही.

साठ तासांच्या थेट प्रक्षेपणाची तुलना तर मुळातच गैरलागू आहे. भूसुरुंग एका क्षणात फुटतो. मुंबईतला हल्ला २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झाला आणि २९ तारखेच्या सकाळी संपला, तोही वाहिन्यांची कार्यालये ज्या शहरात आहेत तिथे. आणि त्या साठ तासांतही सगळ्या मृतांना सारखा न्याय मिळाला नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत लांबच्या गाड्यांची वाट पाहत बसलेले साधे प्रवासी बरेच होते. कॅमेरे मात्र ताज आणि ओबेरॉयसमोर ठाण मांडून होते. तेव्हा मुंबईकरांचे जीव मोलाचे आणि आमचे कवडीमोलाचे, ही मांडणी अपुरी पडते, कारण मुंबईतसुद्धा फलाटावरच्या माणसाला हॉटेलातल्या माणसाइतकी जागा मिळाली नव्हती.

शिवाय थेट प्रक्षेपण हा काही मृतांचा गौरव नव्हे. कमांडो कुठे उतरत आहेत हे वाहिन्या दाखवत राहिल्या आणि ते पाहून सीमेपलीकडचे सूत्रधार फोनवरून हल्लेखोरांना सूचना देत राहिले. कसाबच्या खटल्याचा निकाल देताना २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना याबद्दल कठोर शब्दांत सुनावले. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला आणि दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची, असे बंधन आले. कोरची किंवा धानोऱ्याच्या जंगलात सी-६० चे, म्हणजे नक्षलविरोधी पोलीस कमांडोंचे, पथक शिरलेले असताना ते कोणत्या पहाडीमागे आहे हे टीव्हीवर दिसावे, असे त्या पथकातल्या जवानाच्या आईला तरी वाटेल का?

आकड्यांचा मुद्दा लवकर आटोपता येतो. २२ एप्रिल २०१८ ला भामरागड तालुक्यात कसनासूरजवळ चकमक झाली. पहिल्या दिवशी जो आकडा आला त्यात पुढच्या दिवसांत वाढ होत गेली, कारण इंद्रावती नदीच्या पात्रातून आणखी मृतदेह निघत होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या आणखी एका चकमकीतले सहा मृत धरून शेवटी तो ४० वर गेला. जे जेव्हा कळले ते तेव्हा छापले गेले. पहिल्याच दिवशी कोणी ४० छापले असते, तर तेच संशयास्पद ठरले असते.

याच चकमकीनंतर काही पत्रकार गट्टेपल्लीला गेले, कारण तिथल्या काही कुटुंबांचे म्हणणे होते की मृतांत आमची मुले आहेत आणि ती नक्षलवादी नव्हती. मजकुराचा खरा रोख अशा बातम्यांवर आहे. पण एवढे जीव गेल्यावर मृत कोण होते हे विचारणे म्हणजे नक्षलवाद्यांची बाजू घेणे नव्हे. जांभुळखेड्यानंतर पथकाला खासगी गाडीतून का पाठवले आणि रस्त्याची आधी तपासणी झाली होती का, हेही पत्रकारांनीच विचारले होते, आणि ते प्रश्न मृत पोलिसांच्या बाजूचे होते. शहिदाच्या गावातली मानवंदना, तिरंग्यातली शवपेटी, रडणारी लेकरे ही छायाचित्रे तर दर वेळी छापून येतात. वर्षभरानंतर त्या घरी कोणी जात नाही, हे खरे; पण तसे कोणाच्याच घरी जात नाहीत.

आता या मजकुरात ज्याचा उल्लेखही नाही, त्याबद्दल. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी मारलेल्यांत पोलिसांपेक्षा साधे गावकरी जास्त आहेत. त्यांची बातमी बहुधा एकाच साच्याची असते : रात्री काही सशस्त्र लोक आले, झोपेतून उठवून गावाबाहेर नेले, सकाळी रस्त्यावर मृतदेह आणि बाजूला लाल अक्षरांतले पत्रक. मथळा येतो, ‘पोलीस खबऱ्या असल्याच्या संशयावरून हत्या’. म्हणजे मारणाऱ्याने पत्रकात जो आरोप केला तोच मृताची ओळख म्हणून छापला जातो. त्याचे शेत किती होते, लेकरे किती, मुळात कोणाचा कोणाशी वाद होता का, यांतले काही नसते. हा कल खरा आहे आणि घातकही, कारण त्या घरातल्यांना पुढे त्याच गावात त्याच शिक्क्यासह राहायचे असते. तो पडतो कसा, हेही उघड आहे. एटापल्ली किंवा भामरागडचा वार्ताहर पेपरची एजन्सी चालवतो, जाहिरातींच्या कमिशनवर गुजराण करतो, पर्लकोटा नदीला पूर आला की त्याचाही रस्ता बंद होतो. एका बाजूला पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक, दुसऱ्या बाजूला नक्षलवाद्यांचे पत्रक, आणि मधे संध्याकाळी पान लागण्याची वेळ. त्याला विकत घ्यायला कोणी येत नाही. तो एकटा आहे आणि त्यालाही त्याच रस्त्याने घरी जायचे आहे.

राहिला शेवटचा सल्ला, पेपर बंद करण्याचा. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्यासारख्या धादांत खोट्या बातम्या रात्रभर चालवल्या. तेव्हा वाहिन्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवा, असे मीही म्हणणार नाही. पण त्याच बातम्या, आणि व्हिडिओ गेममधली दृश्ये खरी म्हणून, सर्वांत वेगाने फिरल्या त्या मोबाइलवरच, आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य पडताळणी विभागाला रोज त्यांचे खंडन करत बसावे लागले. दैनिकाच्या अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचे नाव छापणे कायद्याने बंधनकारक आहे. चूक झाली तर खुलासा मागता येतो, भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते, अब्रुनुकसानीचा दावा लावता येतो. या मजकुराखाली ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’ एवढेच असते, आणि जांभुळखेड्याला १६ माणसे गेली होती ही दुरुस्ती कोणाला कळवायची, याचा पत्ता त्यावर नसतो.