गंधार माझा, पंचम तिचा

मी पोटापाण्यासाठी मुद्रिते तपासतो, त्यामुळे कॉमा म्हटले की मला स्वल्पविरामच आठवतो. स्वरशास्त्रातही कॉमा नावाची एक चिमुकली वस्तू आहे आणि ती नुसता परिच्छेद नव्हे, तर संसारही बिघडवू शकते, हे मला अलीकडेच, हातात कानस असताना कळले.

माझी पट्टी, म्हणजे ज्या सुराला मी षड्ज मानतो तो सूर, पेटीची काळी एक. तंबोरा नीट लागला आणि जवारी, म्हणजे तारांची झणकार, खुलली की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेतून एक गंधार आपण होऊन बोलू लागतो. तो कोणी छेडलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. आमच्या पेटीचा गंधार, म्हणजे पांढरी चार, त्याच्याशी काही केल्या जुळेना. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळपास पावणेतीन हेलकावे येत आणि समाधी लागण्याऐवजी बोट लागल्यासारखे होई. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर स्वयंभू गंधार ३८६ वर असतो आणि पेटीचा ४०० वर. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही आणि स्वरही जागेवर नसतात, अशा तक्रारींपायी ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला दार बंद केले होते आणि ते तीसएक वर्षे उघडले नाही. मला तर ही शिक्षा सौम्य वाटू लागली होती.

एका रविवारी दुपारी मी पेटी उघडली. सूर देणारी पितळी पत्ती टोकाशी घासली की सूर चढतो आणि बुडाशी घासली की उतरतो, एवढ्या भांडवलावर मी तिन्ही सप्तकांतल्या पांढरी चारच्या सहा पत्त्या बुडाशी घासल्या. संध्याकाळी गंधार तंबोऱ्यात असा विरघळला की माझे मलाच भरून आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पत्नी रियाजाला बसली. तिची पट्टी काळी पाच.

“अहो, माझा पंचम कोणी पाडला?”

गोम इथेच होती. तिचा षड्ज हा माझा धैवत आणि तिचा पंचम हाच माझा गंधार. माझ्या षड्जापासून शुद्ध पंचमांच्या पायऱ्या चढत गेले, म्हणजे काळी एक, काळी चार, काळी दोन, काळी पाच आणि पांढरी चार, तर चौथ्या पायरीवर तिला निर्दोष पंचम मिळतो. पण सप्तके वजा करून पाहिले, तर माझ्या वाट्याला येणारा गंधार स्वयंभू गंधाराहून ८१/८० पटीने, म्हणजे साडेएकवीस सेंटने, चढा निघतो. तोच हा कॉमा. भरताने नाट्यशास्त्रात जिला प्रमाणश्रुती म्हटले, ती हीच, असे आपल्याकडचे श्रुतिवाले, म्हणजे स्वरांमधली सूक्ष्म अंतरे मोजणारे, मानतात. मी माझे भले साधले, तेव्हा तिचा पंचम साधारण सोळा सेंटने खाली बसला होता. ‘एवढेसे कोणाला कळते?’ असे मी म्हणून पाहिले. नंतर दोन दिवस आमच्यात फक्त भाजीचे बोलणे झाले.

निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. ब. देवल आणि आयसीएस अधिकारी क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची वेगळी पेटीच करवून घेतली होती. आमच्या दोन खोल्यांत दुसरी पेटी ठेवायची, तर आधी मला बाहेर ठेवावे लागले असते.

शेवटी पेटी दुरुस्तीला नेली. काकांनी भाता हलवला, पांढरी चार दाबली आणि माझ्याकडे न बघताच विचारले, “कोणी घासलं हे?” पत्नीने तत्परतेने उत्तर दिले. पत्ती टोकाशी घासून सूर परत वर आणता येईल, पण गेलेले पितळ परत येणार नाही, असे ते म्हणाले. “बाईंचा पंचम दोन सेंट उतरा, तुमचा गंधार चौदा सेंट चढा. पेटीत एवढंच बसतं.”

“माझं चालेल,” पत्नी म्हणाली.

बिलावर ‘घरगुती घासकाम दुरुस्ती सहा सूर’ असे सलग लिहिलेले होते. सवयीने मी पेन काढले. पत्नीने नुसते माझ्याकडे पाहिले, आणि मी ते खिशात परत ठेवले.