प्रीतिसंगमाविषयी आणखी थोडे

कराडच्या प्रीतिसंगमाची, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमाची, ओळख सहलीचे आणि तीर्थाचे ठिकाण म्हणून करून देणारा हा लेख आवडला. मात्र त्या जागेचे खरे वेगळेपण त्यात निसटते आले आहे. महाबळेश्वरच्या एकाच पठारावर उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना या नद्या निरनिराळ्या वाटांनी खाली येतात. कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे जाते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला मात्र दक्षिणेकडून येऊन उत्तरेकडून येणाऱ्या कृष्णेला अगदी समोरासमोर भेटते. बहुतेक संगमांत एक नदी दुसरीला तिरकी मिळते. इथे दोन्ही प्रवाह एकमेकांना सामोरे येऊन एकत्रच पूर्वेकडे वळतात, आणि हे दृश्य घाटावरून स्पष्ट दिसते.

यशवंतराव चव्हाणांची समाधीही इथेच आहे. २५ नोव्हेंबर या त्यांच्या पुण्यतिथीला अभिवादनासाठी मोठी गर्दी होते, त्यामुळे निवांतपणा हवा असणाऱ्यांनी तो दिवस टाळावा.

लेखात एका सूचनेची उणीव मला फार जाणवली. पावसाळ्यात कोयना धरणातून पाणी सोडले की कराडात पाऊस नसतानाही संगमाची पातळी वाढते, आणि दोन प्रवाह भिडतात तिथे भोवरे असल्याने पोहता येणाऱ्यालाही धोका असतो. म्हणून मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी स्नान काठाशीच उरकावे आणि निर्माल्य, पत्रावळी पाण्यात सोडू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.