चिठ्ठीत निळा निघाला म्हणून

शाळेतल्या स्पर्धा संपून आठवडा झाला. तरी ओळखीतल्या, चौथीत शिकणाऱ्या एका मुलीच्या दप्तराला आजही गटाची निळी फीत घट्ट गाठ मारून बांधलेली होती. तीन वर्षं जिच्या शेजारी बसली त्या मैत्रिणीबद्दल ती आईला सांगत होती, "लाल गटातल्या मुली ना, तशाच असतात." तशाच म्हणजे कशा, ते काही तिला सांगता येईना. आणि गट पडले होते चिठ्ठ्या टाकून!

ते "तशाच" सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

"पोरांचं काय, चार दिवसांत विसरतील" असं कृपया म्हणू नका. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १४-१५ वर्षांच्या मुलांवर जवळपास हेच करून पाहिलं आणि १९७० मध्ये छापलं. पडद्यावर ठिपके क्षणभर दाखवायचे, किती होते ते विचारायचं आणि मग सांगायचं, तू जास्त ठिपके सांगणाऱ्यांतला, तू कमी सांगणाऱ्यांतला. खरं तर वाटणी कशीही केलेली. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नाही, समोर फक्त क्रमांक. स्वतःला काही देता येत नव्हतं, दुसऱ्या दोघांना पैसे वाटायचे होते. तरी झुकतं माप आपल्या गटाला! पुढच्या प्रयोगात गट दोन चित्रकारांपैकी कोण आवडतो त्यावरून पाडल्याचं सांगितलं. तिथे तक्त्यातली आकड्यांची एक जोडी निवडायची होती: एका तक्त्यात एका टोकाला आपल्या गटातल्याला १९ आणि त्यांच्यातल्याला २५, दुसऱ्या टोकाला आपल्यातल्याला ७ आणि त्यांच्यातल्याला १. मुलांचा ओढा या दुसऱ्या टोकाकडे. आपलं कमी झालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा वरचढ हवं. ठिपक्यांवरून, चित्रांवरून!

मग गटाचा बाक, गटाची घोषणा, गटाची डब्याची पंगत असं सगळं एकाच रेषेवर आणून ठेवल्यावर दुसरं काय होणार? ही मुलगी चित्रं काढणारी होती, खिडकीपाशी बसणारी होती, त्या मैत्रिणीची मैत्रीण होती. सगळ्या रेषा एकावर एक पडल्या की बाकीचं पुसलं जातं आणि उरते नुसती "निळी". मोठ्या माणसांना एवढंही कळू नये याचा राग येतो. कवायतीचे गट वेगळे ठेवा, प्रयोगाचे वेगळे, डबा कोणीही कोणाबरोबर खावा. लाल मुलगी प्रयोगाला निळीच्या शेजारी आली की "त्या तशाच" म्हणणं जड जातं. आणि फिती शेवटची शर्यत संपली की मैदानावरच गोळा करा.

हो, गटाने तिला दिलंही. वर्गात तोंड न उघडणारी ही मुलगी घोषणा द्यायला पहिल्यांदा सगळ्यांपुढे उभी राहिली. तेव्हाचा तिचा चेहरा आठवला की माझाही राग थोडा निवतो. कुणाचं तरी असणं ही माणसाची भूकच आहे, ती तोडा असं म्हणतच नाहीये मी.

पण आपल्या भाषेत दुरावा ऐकूच येतो. ऐकणाऱ्याला धरून बोललो तर "आपण", वगळून बोललो तर "आम्ही". महिन्याभरापूर्वी ती त्या मैत्रिणीला म्हणायची, "आपण झाडाखाली बसू." आता तिलाच सांगते, "आम्ही पहिले आलो."

आणि दोघींना नुसतं एका बाकावर बसवून हे मिटणार नाही. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या शिबिरात ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट पाडून स्पर्धा लावल्या. वैर झाल्यावर त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. फरक पडला तो पाणी बंद झाल्यावर आणि बंद पडलेला ट्रक दोरीने ओढायची वेळ आल्यावर, म्हणजे एका गटाच्याने होणार नाही अशी कामं पुढ्यात आल्यावर. तेही एका कामाने नाही, अशी कामं एकामागून एक द्यावी लागली. तेव्हा त्या दोघींना असं काम द्या, जे एकीला जमणारच नाही. उपदेश नको.

संध्याकाळी तिच्या आजीने विचारलं, "चिठ्ठी लाल निघाली असती तर गं?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग मी लाल असते."

फीत मात्र सोडली नाही.