तुमच्याकडे बरं आहे

दहावीचा निकाल लागला की आमच्या ताईला अमेरिकेतला मी हमखास आठवतो. एरवी आठवतो तो वाढदिवसाला आणि डॉलर वधारला की. 13 मे 2025 ला निकाल लागला. राज्याचा 94.10 टक्के, पैकीच्या पैकी मिळवणारे 211, आणि आमचा भाचा 91 वर राहिला म्हणून सांगलीच्या घरात सुतक. मी आपला अभिनंदन करायला फोन केला, तर ताई म्हणाली, "तुमच्याकडे बरं आहे बाबा. ना दहावी, ना बारावी. पोरं हसत-खेळत शाळेत जातात नि बाहेर पडतात."

हा झाला मंगळवार. गुरुवारी दाजींनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. कुठल्याशा अमेरिकन शाळेतल्या नाचाचा. खाली ओळ : "संस्कार नसले की असं होतं." म्हणजे मंगळवारी आमच्याकडे ताण नाही म्हणून हेवा आणि गुरुवारी आमच्याकडे संस्कार नाहीत म्हणून कीव. मधल्या बुधवारी आमच्या मुलांनी नेमकं काय करायचं असतं, ते कुणी सांगत नाही.

मी उत्तर टाईप करायला घेतलं. भलंमोठं. एपी म्हणजे शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, जीपीए म्हणजे गुणांची सरासरी, सॅट म्हणजे कॉलेजप्रवेशाची परीक्षा, सगळं आणलं त्यात. माझी मुलगी पंधराची आहे. ती मागून वाचत होती. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, रविवारच्या मराठी शाळेची कृपा, पण वाचते. वाचून म्हणाली, "बाबा, पण तू इथे हायस्कूलला गेलायस कुठे?"

खरं होतं. अमेरिकन हायस्कूलबद्दल मी वीस वर्षं अधिकारवाणीनं बोलतोय, पण आत जातो तो पालकसभेला आणि बँडच्या कार्यक्रमाला. जे काही कळतं असं मला वाटतं, ते एका मालिकेच्या अठरा भागांवर उभं आहे. 'फ्रीक्स अँड गीक्स'. एनबीसी ह्या अमेरिकन वाहिनीवर 1999 च्या सप्टेंबरात सुरू झाली, शनिवारी रात्री, म्हणजे जिच्यासाठी बनवली ती पोरं घरी नसतील अशा वेळी. अठरापैकी बारा भाग दाखवून वाहिनीनं ती गुंडाळली. मी तोवर इथे आलोच नव्हतो. 2004 च्या ऑगस्टमध्ये एमएसला आलो आणि पहिल्या हिवाळ्यात एका रूममेटनं डीव्हीडीचा संच आणला. बाहेर बर्फ, गाडी नाही, चौघांत एक सोफा. कथा मिशिगनमधली, म्हणजे मी राहतो त्याच राज्यातली, डेट्रॉइटच्या एका काल्पनिक उपनगरातली, 1980 सालची. कर्ता पॉल फीग इथल्याच माउंट क्लेमेन्सचा. मला वाटलं, चला, ज्या गावात आलोय त्याचं पाठ्यपुस्तकच मिळालं. पंचवीस वर्षं जुनं आहे आणि लॉस एंजेलिसच्या बाजूला चित्रित केलंय, हे नंतर कळलं.

तर मुलीला म्हटलं, बस, बघू या. दर शुक्रवारी दोन भाग. हुलू ह्या स्ट्रीमिंग सेवेवर होती, आणि मुख्य म्हणजे मूळ गाण्यांसकट.

शाळेतल्या वर्गमित्रांचाही एक ग्रुप आहे आमचा. तिथे मी हे लिहिलं, तर लगेच सगळे 'हिप हिप हुर्रे'वर घसरले. 1998 ची, झी टीव्हीवरची. त्यांचं म्हणणं, मालिका असाव्यात तर अशा, सोज्वळ, निरागस. मला ह्या सोज्वळपणाचं हसू येतं. आम्ही ती मालिका सोज्वळ म्हणून बघत नव्हतो, त्यातल्या मुली मुलांशी सरळ उभं राहून बोलतात म्हणून बघत होतो. आमच्या वर्गात मुलींची रांग खिडकीकडून, मुलांची भिंतीकडून, आणि मधल्या जागेतून फक्त सर चालायचे. शिवाय त्या मालिकेतली पोरं बारावीत गेली तरी शाळेतच, टाय लावून. महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन आलं आणि ते 'दोन' कॉलेजात गेलं. मालिका सुरू झाली तेव्हा मी नुकता दहावी पास होऊन कॉलेजात गेलो होतो. गणवेश धाकट्या चुलतभावाकडे गेला होता आणि अंगात रंगीत शर्ट होता. कॉलेज म्हणजे सायकल लावायची, गॅदरिंगची वाट बघायची आणि खरा अभ्यास क्लासला करायचा. म्हणजे ज्या शाळेच्या आठवणीनं आमचा ग्रुप गहिवरतो, ती आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. ती मुंबईची होती, हिंदीत होती आणि केबलच्या जोडणीवर दुसऱ्याच्या घरी दिसायची.

हे मी ग्रुपवर लिहिलं. कुणी उत्तर दिलं नाही. एकानं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

असो. 'फ्रीक्स अँड गीक्स'मध्ये बिल हॅवरचक नावाचा एक मुलगा आहे. काटकुळा, जाड चष्मा, खेळाच्या तासाला कुणी संघात न घेणारा. एका भागात तो शाळेतून घरी येतो. घर रिकामं. कुलूप उघडतो, चीज घालून सँडविच भाजतो, केकचा तुकडा घेतो, दूध ओततो आणि टीव्हीसमोर बसतो. टीव्हीवर एक विनोदवीर. बिल हसायला लागतो, खाता खाता, तोंड भरलेलं असताना, अंग गदागदा हलवत. एक शब्दही संवाद नाही. मागे 'द हू' ह्या रॉक बँडचं गाणं.

2005 मध्ये हे बघताना माझ्या घशात आवंढा आला होता. एकटं जेवणारं पोर म्हणजे आमच्याकडे जवळजवळ अनाथच. आई नोकरी करायची, पण घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची, आणि काकू किल्लीबरोबर वाटीभर काहीतरी द्यायच्या. वाटी रिकामी होईपर्यंत घटक चाचणीचे गुण, कोणाशी भांडलास, शर्टाचं बटण कुठे गेलं, सगळं काढून घ्यायच्या. त्या दिवशी मी रूममेट्सना म्हणालो होतो, बघा, हे असं असतं इथलं. आईबापाला वेळ नाही. दाजींची गुरुवारची ओळ मी वीस वर्षांपूर्वीच म्हणून बसलोय.

आता तोच प्रसंग आला. मुलीकडे बघितलं. ती हसत होती, बिलबरोबर. म्हटलं, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "बाबा, तो सॅड नाहीये. शाळा संपलीये त्याची."

मग मला दुपार आठवली. तिची बस पावणेतीनच्या आसपास कोपऱ्यावर थांबते. मी मीटिंगमध्ये असतो, बायको दवाखान्यात कामावर असते. फोनवर दारावरच्या कॅमेऱ्याची सूचना येते : तुमच्या दाराशी कुणीतरी आहे. त्या चौकटीत ती दिसते, पाठीवर सॅक, एका हातात क्लॅरिनेटची पेटी, दुसऱ्या हातानं गॅरेजचा कोड दाबणारी. चार आकडे, दार वर जातं, ती आत जाते. बारा सेकंदांची फीत. मी ती बंद करतो आणि मीटिंगमध्ये परत येतो. ताईला हे कधी सांगितलेलं नाही. ताईला मी बँडचे फोटो पाठवतो.

आणखीही बरंच सांगितलेलं नाही. 'दहावी नाही' म्हणजे कट-ऑफ नाही असं ताईला वाटतं. मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा आम्ही शाळांचे जिल्हे बघत (घर ज्या हद्दीत, शाळा तिथलीच) डेट्रॉइटजवळच्या नोव्हायपासून ट्रॉयपर्यंत शनिवार-रविवार फिरत होतो. हायवेच्या एका अंगाला जे घर, तेच दुसऱ्या अंगाला भलतं महाग, कारण शाळा वेगळी. आम्ही महागातलं घेतलं. कट-ऑफ तिथे लागला, फक्त तो बँकेनं लावला. आणि मुलीनं गणिताच्या शिकवणीला जायला सुरुवात केली ती दुसरीत. पार्किंगमधल्या निम्म्या गाड्यांत आपलेच लोक, मागच्या सीटवर डबे. भाचा आता जेईईसाठी 'इंटिग्रेटेड'ला जाणार आहे. म्हणजे नाव एका कॉलेजात आणि मुक्काम क्लासमध्ये. त्याबद्दल मी ताईला सुनावलं होतं, की ह्या मुलाला शाळा नाही नि कॉलेजही नाही, नुसती बॅच आहे. मुद्दा बरोबरच होता, अजूनही बरोबर आहे. पण सुनावताना मी त्याच शिकवणीच्या पार्किंगमध्ये बसलो होतो.

पालकांचे संस्कार म्हणाल तर मालिका त्यातही कुणाला सोडत नाही. नील नावाच्या मुलाला दंतवैद्य वडिलांच्या गाडीत गॅरेजचा एक रिमोट सापडतो. तो त्यांच्या गॅरेजला लागत नाही. मग तो सायकलवरून गल्लोगल्ली फिरत बटण दाबत जातो, कुणाचं दार उघडतंय ते बघायला. दाजी म्हणतील, बघा, हीच तुमची अमेरिका. आमच्या गल्लीतही अशी दारं होती, दाजी. रिमोट नव्हता, एवढंच.

एका गोष्टीपुढे मात्र माझा सगळा युक्तिवाद थांबतो. 1980 ची ही पोरं शाळेत मार खातात, डॉजबॉलमध्ये फोडून निघतात, पण वर्गाचा दिवा घालवून, कोपऱ्यात दाटीवाटीनं, आवाज न करता बसायचा सराव त्यांना नाही. माझ्या मुलीला तो बालवाडीपासून आहे. 30 नोव्हेंबर 2021 ला आमच्याच काउंटीत, ऑक्सफर्डच्या हायस्कूलमध्ये, एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यानं गोळ्या झाडून चार मुलं मारली. त्या संध्याकाळी ताईचा फोन आला होता. सांगलीत पहाट व्हायची होती, ती झोपली नव्हती. "तुमच्यापासून किती लांब?" एवढंच विचारलं तिनं. मी सांगितलं, लांब आहे. पाऊण तास म्हणजे इथे लांब नव्हे. त्या दिवशी ती 'तुमच्याकडे बरं आहे' म्हणाली नाही, आणि मीही कुठली आकडेवारी काढली नाही.

मालिकेतल्या मुख्य मुलीचे, लिंडसेचे, वडील हॅरल्ड. खेळाच्या सामानाचं दुकान, टक्कल, आणि जेवणाच्या टेबलावर ठरलेला एक प्रकार : मुलांनी काहीही काढलं की ते ओळखीतल्या एकाची गोष्ट सांगतात, ज्यानं नेमकं तेच केलं होतं आणि जो आता मेलेला आहे. पहिल्यांदा बघताना आम्ही चौघं लोळलो होतो, कारण चौघांच्याही घरी हा माणूस होता. आमच्याकडे तो मरत नसे, नापास होत असे किंवा पानटपरी टाकत असे. आता मुलगी प्रत्येक वेळी हॅरल्डनं तोंड उघडलं की माझ्याकडे बघायची. गेल्या महिन्यात ड्रायव्हिंगच्या वर्गाचा विषय निघाला, तेव्हा मी एका सहकाऱ्याच्या मुलाची गोष्ट सांगत होतो. तिनं हात वर केला. "अँड ही डाइड," म्हणाली. मरणारच होता तो, पुढच्या वाक्यात.

शेवटचा भाग जुलैत बघितला. लिंडसे गणितात हुशार. तिची मिशिगन विद्यापीठातल्या उन्हाळी शिबिरासाठी निवड झालेली आहे. आईवडील, भाऊ तिला बसवर सोडायला येतात. आई मिठी सोडत नाही. बस सुटते, ती खिडकीतून हात हलवते, ते हात हलवतात. मग पुढच्या एका थांब्यावर ती उतरते. मैत्रीण तिथे थांबलेली असते, एक व्हॅन असते, आणि ती 'ग्रेटफुल डेड' ह्या रॉक बँडच्या कार्यक्रमांमागे भटकायला निघून जाते. मालिका तिथे संपते.

पहिल्यांदा हे बघून मी शिट्टी मारली होती. सुटली एकदाची! ह्या वेळी मी लिंडसेकडे बघितलंच नाही. फुटपाथवर उभ्या असलेल्या त्या दोघांकडेच बघत राहिलो. बाबांनी मुंबईच्या विमानतळाबाहेर, आत सोडत नाहीत म्हणून, काचेला हात लावून ठेवला होता. आईनं भडंगाची पिशवी शेवटच्या क्षणी माझ्या हातसामानात कोंबली होती. मी दोन वर्षांचं सांगून निघालो होतो. शिक्षण झालं की परत. बाबा आता नाहीत, आणि ते दोन वर्षांचं वाक्य मागे घेतो असं मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. दर फोनला फक्त म्हणायचे, तुझी खोली झाडून ठेवली आहे.

"मग तिच्या आईबाबांना कधी कळतं?" मुलीनं विचारलं.

"दाखवलं नाही. बंद केली ना."

"पण कळलं असेलच. शिबिरातून फोन येईल."

"येईल."

ती वर गेली. दहा वाजले होते, म्हणजे सांगलीत सकाळचे साडेसात. फोन वाजला. अकरावीची पुढची यादी लागली होती आणि भाच्याला हवं ते कॉलेज मिळालं होतं, ज्यात तो जाणार नव्हता. ताई खुशीत होती. म्हणाली, पेढे तुझ्या नावाचे आईला दिले. मग म्हणाली, तुमच्याकडे बरं आहे, हे यादीचं लचांड तरी नाही.

मी म्हटलं, "हो, ते बरं आहे." आणि आईला फोन दे म्हणालो.